छानरावांनी सरळ केलेलं घड्याळ

डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं मन दुखवायचं नाही, एवढंच छानरावांनी ठरवलं होतं. बाकीचं रामायण त्यातून घडलं.

छानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोणी काहीही दाखवलं तरी ते "छान" म्हणत, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं. (एकदा साहेबांनी बदलीची ऑर्डर पुढे केली, तर न वाचताच म्हणाले, "छान आहे." मग दोन वर्षं वनवास.)

त्या दिवशी डॉक्टरीणबाई भिंगामागून भिंग सरकवत विचारत होत्या, "हे बरं की ते बरं?"

खरं तर दोन्हींतून अक्षरं सारखीच वाकडी दिसत होती. पण बिचारीनं दुसरं भिंग किती आपुलकीनं पुढे केलं होतं!

"दुसरं छान आहे."

त्यांनी ते भिंग जरासं फिरवलं. "आणि आता?"

"आता तर फारच छान!"

चार दिवसांनी चष्मा आला. तो लावताच घरातली जमीन बाथरूमकडे उतरू लागली आणि कपाट शेजाऱ्यांकडे झुकलं. पण आता कोणत्या तोंडानं तक्रार करणार? होईल सवय, अशी स्वतःची समजूत घालून ते खुर्चीत बसले, तर समोर सासऱ्यांचं लंबकाचं घड्याळ तिरकं!

सासरे गेल्यावर बायकोनं माहेरून ही एकच वस्तू आणली होती. ती टिकटिक ऐकली की बाबा शेजारच्याच खोलीत आहेत असं वाटतं, म्हणायची. आज ती बहिणीकडे गेली होती. आल्यावर खूश होईल, म्हणून छानराव स्टुलावर चढले, घड्याळ खालून ढकलून चष्म्याला पटेल इतकं सरळ केलं आणि पुन्हा हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना खिळे ठोकले. (दोन घाव भिंतीत, एक अंगठ्यावर.)

संध्याकाळी बायको आली आणि दारातच थबकली.

"अहो, घर एवढं गप्प का?"

"घड्याळ तिरकं होतं. मी सरळ केलं," छानराव अंगठा लपवत म्हणाले.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती घड्याळाखाली जाऊन, तिरकं झाल्यानं थांबलेल्या लंबकाकडे बघत उभी राहिली. "बाबा गेले तेव्हासुद्धा हे थांबलं नव्हतं हो," एवढंच म्हणाली.

परक्या बाईचं मन राखायला गेलो आणि घरच्या बाईचं मोडून बसलो, असं वाटून छानरावांनी भिंगांची सगळी हकिगत कबूल केली.

दुसऱ्या दिवशी बायकोनं त्यांना बखोटीला धरून तपासणीला नेलं. सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी त्यांची हनुवटी एका मशीनवर टेकवली. "बुबुळाला कुठे किती बाक आहे, ते हे आपणच मोजतं. पेशंटला काही विचारावं लागत नाही."

"अगं बाई! हे घरी ठेवायला मिळेल का?" बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून विचारतेय, भाजी कशी झालीय, मी कशी दिसतेय. एकदासुद्धा खरं कळलेलं नाही."

छानरावांची हनुवटी मशीनवर होती. मान खाली घालायचीही सोय नव्हती.

नवा चष्मा आला, जमीन जागेवर आली. दोघांनी खिळे उपटले, घड्याळ हळूहळू सरकवलं, आणि टिकटिक सुरू झाली. बायकोनं पदरानं डोळे पुसले.

"आता सरळ दिसतंय का? खरं सांगा. छान म्हणायचं नाही."

छानरावांनी घड्याळ नीट निरखलं आणि जन्मात पहिल्यांदा मनातलं बोलून टाकलं.

"थोडं डावीकडे झुकलंय."

बायको जवळ आली आणि तिनं त्यांच्या नाकावरचा चष्मा सरळ केला.