सरकटे सरांचे वार

सरकटे सर सोमवारी कुणालाही मन आहे असं मानत नाहीत. मंगळवारी मात्र त्यांच्या मते माणसात मनाखेरीज दुसरं काही नसतं, आणि तेही बहुतेक सगळं दडवलेलं.

कारंजा गावातल्या आमच्या कॉलनीत सर माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. ज्युनियर कॉलेजात बत्तीस वर्षं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक माझ्याकडे चौकश्या करतात, त्याचा सूड मी संध्याकाळी शेजाऱ्यांवर उगवते. त्यामुळे सरांचं हे वारांचं प्रकरण माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

लोक वार पाहून उपास धरतात, सर वार पाहून दृष्टिकोन धरतात. माणसाकडे बघायच्या मोठ्या रीती त्यांच्या हिशेबाने सहा, आणि रविवार सोडला तर वारही सहा. सोमवार वर्तनवादाचा, मंगळवार मनोविश्लेषणाचा, बुधवार बोधनिक म्हणजे डोक्यातल्या विचारांचा, गुरुवार मानवतावादी, शुक्रवार जैविक आणि शनिवार सामाजिक-सांस्कृतिक. रविवारी सर दाढी न करता नुसते बसून असतात.

"एकाच बाजूनं पाह्यलं का माणूस पुरा दिसत नाई, रजनी," असं ते म्हणतात. मला ते कळलं एका डब्यावरून.

विमलकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी डब्यातून पाठवली होती. डबा आठवडाभर माझ्याकडेच पडून राहिला. सोमवारी सरांनी फाटकाशी गाठलं.

"डबा कुठी हाय?"

"सर, मनात होतं हो आणायचं, पण..."

"मनाचं आज सांगू नको. हातात डबा दिसते का? नाई दिसत." त्यांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, मला दाखवली आणि परत खिशात ठेवली. डबा आणला असता तर ती मला मिळणार होती.

मंगळवारी त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तू विसरली नाईस. तुले तो ठेवूनच घ्याचा होता. लहानपणी तुही एखादी वस्तू घरच्यानं भावाले देली होती काय?" दिली होती. कंपासपेटी. त्या संध्याकाळी मी भावाला फोन करून भांडले, आणि त्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याचं काय चुकलं.

बुधवारी, "डबा म्हटलं का तुह्या डोक्यात पयला इचार कोणता येते?" मी म्हटलं, घासायचा आहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. गुरुवारी फाटक सताड उघडं. "डब्याचं काय घेऊन बसली! तू चांगली बाई हायस. तुह्यात लई काई हाय." मी लगेच त्यांची शिडी मागितली आणि मिळाली. अख्खी कॉलनी सरांकडे उसनंपासनं मागायला गुरुवारीच जाते. शुक्रवारी त्यांनी मला थायरॉईड तपासून घ्यायला सांगितलं.

शनिवारी मात्र ते म्हणाले, "आपल्या इकडं डबा रिकामा वापस करत नाईत. तुह्या घरी त्यात घालाले काई नोयतं, म्हनून तू आणला नाई. दोष तुहा नाई, समाजाचा हाय."

हे अक्षरशः खरं होतं. मी मुकाट्याने दुकानातून शेव आणली, डब्यात भरली आणि द्यायला गेले.

काकू ओसरीवर एकट्या होत्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काकू, आज सरांचा कोणता वार?"

त्यांचा चेहरा बावरला. मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं. तिथे सर दूधवाल्याला समजावत होते, "दुधात पाणी तू नाई घालत गा, समाज घालते!" काकूंना हसू फुटलं.

"शनिवार," त्या म्हणाल्या. "आज अर्धी शाळा."

शाळा? मी काही बोलणार तोच सर आले आणि मला फाटकापर्यंत सोडायला निघाले.

"समजलं ना तुले?" ते हळूच म्हणाले. "वर्साच्या वर झालं. एका रविवारी ती पर्स घेऊन शाळेत निघाली. मी म्हटलं, अवं, आज रविवार हाय. तिनं क्यालेंडर पाह्यलं अन् दिवसभर तोंड लपवून बसली. सांगितलं का तिले लाज वाटते. मंग मी ठरवलं, सांगाचंच नाई. रोज येगळं वागाचं. आता मले पाहून ती वार ओळखते. ओळखला का कशी खुलते, पाह्यलं ना?"

मी इतके दिवस या माणसाला हसत होते, याची मला फार लाज वाटली. तरी सवय जात नाही. मी विचारलं, "सर, काकूंचं हे कोणत्या वारात बसतं?"

"शुक्रवारच्या. मेंदूचं दुखणं हाय. डॉक्टर म्हनते, वार गेले का मंग माणसं जातीन." त्यांनी वळून ओसरीकडे पाहिलं. "म्हनून वार जाऊ द्याचे नाईत."

त्यानंतर मी रोज कामावरून येताना काकूंना मुद्दाम वार विचारू लागले. त्या सरांकडे पाहायच्या आणि बरोबर सांगायच्या. सर माझ्याकडे बघून मान हलवायचे, जणू मीच परीक्षेत पास झाले.

मग एका सोमवारी माझी सुट्टी होती, म्हणून सकाळीच शिडी परत करायला गेले. सर अगदी सोमवारच्या थाटात. "उशीर लई झाला. चिक्की नाई," असं म्हणत होते, तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. सरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"ये वं रजनी. आज गुरुवार हाय, काई मागाचं असन तर मागून घे."

सरांचा हात खिशापाशीच थांबला. ते काकूंकडे बघत राहिले. इतका घाबरलेला माणूस मी बसस्थानकावरही कधी पाहिला नाही. काकू मात्र खुशीत होत्या. आपल्याला वार आपला आपण आठवला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

सरांनी चिक्की काढून माझ्या हातावर ठेवली. "शिडी राहू दे तुह्यापाशी," ते म्हणाले. "तू चांगली बाई हायस."

"पाह्य! म्हटलं नोयतं?" काकू म्हणाल्या.

दिवसभर सरांनी गुरुवार पाळला. कॉलनीतल्या दोघांना त्यांनी उगीचच शाबासकी दिली, आणि सोमवार असताना शाबासकी कशी, म्हणून ते दोघे मला विचारायला आले. मी त्यांना म्हटलं, घ्या गपचूप.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, कामावर निघताना पाहिलं तर सर ओसरीवर स्वतःची नाडी मोजत बसले होते. काकू आतून ओरडल्या, "रजनी, उद्या अर्धी शाळा हाय वं!"

मी फाटकाशी जाऊन हळूच विचारलं, "सर, वार परत कधी जुळवायचे?"

"कायले?" ते म्हणाले. "तिचे बरोबर चालू हायेत. आपलेच तीन दिवस मागं हायेत."

मला एकदम भरून आलं. सरांनी नाडी सोडली, जवळ येऊन माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"पाणी येऊन राह्यलं," ते म्हणाले. "झोप कमी होत असन तुही."