व्याह्यांच्या बाबांचं विमान

विमान कुठलंही असो, फोटो कितीही पिवळा पडलेला असो, सत्यवान नाव सांगणार म्हणजे सांगणार! माणसं निवृत्तीनंतर देवळात जाऊन बसतात. हा पोस्टातून सुटला तो भिंग घेऊन बसला. नुसत्या शेपटीवरून तो महायुद्धातली विमानं ओळखी आणि कुडाळच्या सायबर कॅफेतून परदेशी शौकिनांशी हुज्जत घाली.

अशात त्याच्या लेकीचं, समीक्षाचं, शिरोड्याच्या निकेतशी जमलं. बोलणी करायला गेले, तर भिंतीवर व्याही परशुराम यांच्या कैलासवासी वडिलांचा फोटो. फेटा बांधून म्हातारबा चक्क विमानात बसलेले.

"ह्यां विमान खंयचा?" सत्यवानाने विचारलं.

"काय म्हायत. बाबा कधी बोलले नाय."

"फोटो माझ्याकडे द्या. नाव मी सांगतंय."

"आधी लग्नाचा बोला," बायको तुळसा कुजबुजली. पण ऐकतो कोण?

घरी येऊन त्याने पुस्तकं पालथी घातली. पंख जुळले तर खिडक्या जुळेनात, खिडक्या जुळल्या तर चाकं भलतीच. दुसरा कोणी म्हणाला असता, विमानात गडबड आहे. सत्यवान म्हणाला, पुस्तकात गडबड आहे. शेवटी एका फ्रेंच शौकिनाने विमानाचं नाव कळवलं आणि सांगितलं की असं एकच विमान बनलं होतं आणि ते समुद्रावर बेपत्ता झालं. झालं! सत्यवानाने तडक शिरोड्याला फोन लावला.

"परशुरामानू, तुमचे बाबा जगातल्या एकुलत्या एका विमानात बसले होते!"

ही बातमी शिरोडाभर फिरली आणि परशुरामांच्या डोक्यात भिनली. लगेच निरोप आला: एवढ्या मोठ्या घराण्याची सोयरीक पोस्टातल्या कारकुनाकडे कशी करायची? मुंबईची स्थळं येतायत.

समीक्षाने जेवण टाकलं. तुळसा कडाडली, "तुमच्या विमानान माझ्या चेडवाचा लगीन मोडल्यान."

सत्यवानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस हट्टी. चढवलेलं विमान आपणच उतरवायचं, असं ठरवून त्याने पुन्हा भिंग उचललं. आता खोट शोधायचीच होती, तेव्हा पंखावरचे खिळे लख्ख दिसले. प्लायवूड!

तुळसाने ट्रंकेतून एक फोटो काढून पुढे टाकला. तिची आई मथुरा, नाकात नथ, त्याच विमानात. मागे बांबूचे टेकू आणि खाज्याचं दुकान.

"जत्रेतल्या फोटोवाल्यान बसवलेली. माझ्या आवशीचो फोटो तुमी कधी बघलात?"

तो फोटो घेऊन सत्यवान शिरोड्याला धावला. "ही माझी सासू. आता नीट बघा, हयसर मागे..." त्याने टेकूवर बोट ठेवलं.

परशुरामांनी ते बोट बाजूला सारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तांच विमान! म्हणजे तुमचा घराणाय विमानातला? आणि आमी तुमका कमी लेखलव. आधी कित्याक नाय सांगितलात?" त्यांनी आत हाक मारून चहा मागवला, निकेतला बोलावून सासऱ्यांच्या पाया पडायला लावलं, आणि कागद-पेन घेऊन बसले. "पत्रिकेत छापूचा आसा. त्या विमानाचा नाव काय म्हणालात?"

आयुष्यात एकही विमान चुकीचं न ओळखलेल्या सत्यवानाने ते लांबलचक फ्रेंच नाव त्यांना नीट लिहून घेता येईल असं, सावकाश सांगितलं.