पालथा हंडा

इस्तंबूलमध्ये सुलतानाच्या जानिसारी शिपायांच्या बराकीत सांडलेल्या चरबीवरून आचारी बेहराम उस्तादाचा पाय घसरला आणि पलटणीचा शोरब्याचा हंडा धाडकन पालथा झाला. दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघरात चार शिव्यांवर भागलं असतं. पण जानिसाऱ्यांनी हंडा पालथा घातला, की सुलतानाचं अन्न नाकारलं, म्हणजेच बंड पुकारलं, असा तिथला रिवाज.

"उस्तादांनी हंडा पालथा घातला रे!" दारातून हवालदार इद्रिस ओरडला.

"अरे मेल्यांनो, पाय घसरला माझा!"

"असंच म्हणायचं असतं, उस्ताद," इद्रिस डोळा मिचकावून म्हणाला.

घटकाभरात हंडा चौकात आला. त्याच्या मागे शिपायांच्या खांद्यावर बेहराम, आणि त्याच्या मागे सगळ्या पलटणी. बंड कशासाठी, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. वजिराचा माणूस धापा टाकत आला. "मागणी काय तुमची?" सगळे बेहरामकडे बघू लागले. भीतीने त्याला रडूच फुटलं.

"म्हातारा रडतोय बघा! मटण कुजकं असणार," इद्रिसने निकाल देऊन टाकला. "कोठारावरच्या याकूब आगाचं डोकं द्या!"

बेहराम आणि याकूब एकाच डोंगरी गावातले. सुलतानाच्या माणसांनी दोघांना पोरवयात एकाच दोरीला बांधून आणलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात बेहरामला आपलं म्हणावं असं तेवढंच माणूस.

"मटण चांगलं होतं! अल्लाची शपथ, चांगलं होतं!"

"काय मोठं मन आहे!" इद्रिस गहिवरला.

राजवाड्याने फार ताणलं नाही. एका माणसात गादी वाचत असेल तर कुठलंही सरकार घासाघीस करत नाही. याकूबला दरवाजाबाहेर आणलं.

"काय रे हे, बेहराम?"

"पाय घसरला रे, याकूब."

याकूबला तशाही वेळी हसू आलं. "वाटलंच मला. पहिल्यापासून धांदरट तू." दिवसभरात बेहरामवर विश्वास ठेवणारा तो एकटाच निघाला, आणि त्यालाच ते घेऊन गेले.

संध्याकाळी वजिराने कोठाराचा अधिकार बेहरामलाच दिला आणि मानाचा झगा पाठवला. नाकारावा तर ते दुसरं बंड ठरलं असतं. त्याने मुकाट्याने अंगावर चढवला. झगा याकूबच्या मापाचा होता, खांद्यांत ढगळ. बेहराम त्याच्या बाहीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

इद्रिसने जरा वेळ वाट पाहिली, मग खाकरला.

"उस्ताद, आनंदाश्रू पुरे झाले आता. सकाळपासून पोटात कण नाही. जेवायला काय करताय?"