लॉकचा नकार आणि त्यावरील उपाययोजना

जगात ज्या वस्तू जागच्या जागी राहतात, त्या दोनच कारणांनी राहतात. एक, त्यांना कशानं तरी घट्ट धरलेलं असतं. दोन, त्यांना अजून कुणी ओढून पाहिलेलं नसतं. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, आणि बहुतेक पूल, संस्था आणि संसार दुसऱ्या कारणावर उत्तम चाललेले आहेत.

शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात मात्र पहिल्या कारणाचं उत्पादन होतं. आम्ही कनेक्टर बनवतो. काडेपेटीहून लहान प्लास्टिकचा ठोकळा, त्याला सहा भोकं, प्रत्येक भोकात एक वायर. वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल असतं. ते पूर्ण आत गेलं की प्लास्टिकची एक बारीक जीभ त्याच्यामागं आडवी येते आणि 'टक' आवाज होतो. मग वायर बाहेर येत नाही. (अर्धवट गेली तरी त्या दिवशी दिवा लागतोच. महिनाभर खड्डे खाल्ले की वायर बाहेर येते.) हे कनेक्टर शाळेच्या व्हॅनच्या मागच्या ब्रेक-लाइटला बसतात.

मी इथं डिझाइन विभागात आहे. माझी मुलगी सावनी साडेतीन वर्षांची आहे आणि शाळेच्या व्हॅननं जाते. ती आत बसली की मी व्हॅनचं दार बाहेरून एकदा ओढून बघते. व्हॅनवाले बद्रीनाथकाका रोज म्हणतात, "मॅडम, एक दिवस दारच घरी घेऊन जाल तुम्ही." कारखान्यानं माझा हा गुण वार्षिक मूल्यमापनात 'सुधारणेस वाव' या रकान्यात नोंदवला आहे.

हाच दोष असलेली दुसरी व्यक्ती म्हणजे लाइनवरच्या रत्नमालाताई. लाइनवर एका पाळीत प्रत्येकीनं चारशे ऐंशी कनेक्टर भरायचे, म्हणजे मिनिटाला एक. रत्नमालाताई तीनशे सत्तर भरायच्या, कारण 'टक' झाल्यावरही त्या प्रत्येक वायर चिमटीत धरून हलकेच ओढायच्या. त्यांचं कंत्राट सहा महिन्यांचं होतं, तीस तारखेला संपणार होतं, आणि टार्गेट गाठलं नाही तर पुढचं मिळणार नव्हतं. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू होतं. हे सगळ्या लाइनला ठाऊक होतं, घड्याळाला नव्हतं.

"ताई, टक झाल्यावर परत कशाला ओढता?" मी एकदा विचारलं.

"टक तं रिकाम्या डब्याचं झाकणबी करतंय, मॅडम," त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "त्यात काय हाय ते उघडल्यावर कळतंय."

त्यांना वाचवण्याचा एक सभ्य मार्ग मला सुचला. मी कनेक्टरसाठी आणखी एक, दुसरं लॉक डिझाइन केलं. सहाही वायरी भरून झाल्या की वरून एक छोटी पट्टी दाबायची. सगळी टर्मिनलं पूर्ण आत असतील तर पट्टी बसते. एक जरी अर्धवट असेल तर तिची दाती, म्हणजे खालचा बारीक दात, त्या टर्मिनलवर अडते आणि पट्टी बसायला साफ नकार देते. म्हणजे ओढून बघायचं काम माणसाकडून काढून प्लास्टिककडे दिलं. प्लास्टिकला कंत्राट नसतं.

चाचणीच्या पहिल्या दिवशी पाचातल्या एका कनेक्टरची पट्टी बसेना. ज्या बायका चारशे ऐंशी भरत होत्या, त्या वायरी काढून-घालून तीनशे चाळीसवर आल्या. रत्नमालाताईंच्या तीनशे सत्तरपैकी नकार शून्य. लाइनवर त्या पहिल्या आल्या. सुपरवायझर साहेबरावांनी आकडे तीनदा तपासले आणि मोजणीच्या मशीनला दोनदा चापट मारली.

"ये लॉक हय का सासू हय, मॅडम?" ते मला म्हणाले. "कुछ भी दो, पसंतच पडत नाय."

"साहेबराव, वायर अर्धी आहे म्हणून अडतंय ते."

"अडतंय तेच तं म्हणतोय ना मी! इतके वर्षं वायरी अर्ध्याच बसत होत्या, कुणाचं अडलं?"

या प्रश्नाला कारखान्यात उत्तर नव्हतं, म्हणून समिती नेमण्यात आली. तिचं नाव 'लॉक-असहकार निवारण समिती'. अध्यक्ष आमच्या विभागाचे प्रमुख अनंतराव सर, सदस्य पाच, बैठका तीन, समोसे (प्रति बैठक) चौदा. ही समिती किती शास्त्रीय पद्धतीनं चालली हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण अशा समित्यांची बाहेर विनाकारण टिंगल होते. आमच्याकडे कुठल्याही दोषाचं मूळ शोधायला पाच वेळा 'का' विचारतात. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे:

लाइन मंदावली. का? पट्टी बसत नाही.
का? टर्मिनल अर्धवट असल्यास पट्टीची दाती त्यावर अडते.
का? दाती तिथपर्यंत पोचते.
का? ड्रॉइंगमध्ये ती तेवढी लांब आहे.
का?

पाचव्या 'का'ला सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सर," मी म्हणाले, "दुसऱ्या 'का'पाशीच उत्तर होतं. टर्मिनल अर्धवट आहे."

"ते आम्हाला मान्यच आहे." अनंतराव सरांचा आवाज फार मऊ आहे, त्यांना तीस वर्षांचा अनुभव आहे आणि त्यांनी आजवर कुणालाही दुखावलेलं नाही, प्रवासी सोडून. "पण पद्मजाताई, अर्धवट आहे हे त्यानं सगळ्या लाइनसमोर बोलून दाखवायची काय गरज? तुमचं लॉक हुशार आहे हो, पण त्याला चार लोकांत मिसळता येत नाही."

सर्वानुमते ठरलं की दोष लॉकच्या वृत्तीत आहे. दाती आठ दशांश मिलिमीटरनं तासावी, म्हणजे ती कुणाच्याही मध्ये येणार नाही.

तासलेल्या लॉकची चाचणी मी स्वतः घेतली. पूर्ण बसलेल्या वायरीवर पट्टी बसली, अर्धवट बसलेल्यावरही बसली. शंकानिरसनासाठी मी एकही वायर न घालता दाबून पाहिली. तेव्हा तर फारच सुरेख बसली, मध्ये काहीच नसल्यामुळे. अनंतराव सरांनी डोळे मिटून तो 'टक' ऐकला आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात आत्मविश्वास."

आता ड्रॉइंगवर माझी सही राहिली होती. सही केली तर लाइन पुन्हा चारशे ऐंशीवर जाणार आणि रत्नमालाताई पुन्हा शेवटच्या येणार, हे मला गणितानं कळत होतं. मी दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे सत्तावीस तारखेला, मी सरांना विचारलं, "हे कुठल्या गाड्यांना जाणार?"

"पुढच्या वर्षीच्या मॉडेलला."

बद्रीनाथकाकांची व्हॅन सहा वर्षं जुनी आहे. मी सही केली.

त्यानंतर जी प्रगती झाली ती कौतुकास्पद आहे. पट्टीच्या नकाराचं प्रमाण वीस टक्क्यांवरून शून्यावर आलं. ग्राहक कंपनीचे तपासनीस आले, त्यांनी शंभर पट्ट्या दाबून पाहिल्या, शंभरही बसल्या. (वायर ओढून पाहण्याचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता. नाहीतर ओढली असती, माणसं काटेकोर होती.) आम्हाला 'शून्य नकार' असं कोरलेली ढाल मिळाली. तिचा पाया जरा हलतो, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवली आहे.

ढाल यायच्या आधीच, सहीनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे तीस तारखेला रत्नमालाताईंना पत्र मिळालं. पत्राची भाषा मीच तपासली होती. त्यात त्यांच्या 'अतिरिक्त काळजी'बद्दल आभार मानून, ती त्यांनी यापुढे अन्यत्र घ्यावी अशी शुभेच्छा दिली होती. गेटपाशी मी त्यांना गाठलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "ताई, ओढणं सोडलं असतं तर..."

"सोडून बघितलं ना, मॅडम. दोन दिवस." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "हात ऐकत नाय. घरी भाकर थापताना पोरगी म्हणली, आई, परातीची कड कामून ओढायली?"

"पोरीच्या फीचं काय आता?"

"ते तुमच्या समितीला इचारते," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसता आलं नाही, पण मी हसले. बस आली.

पाच महिन्यांनी त्या मला क्रांती चौकाजवळ भेटल्या. भावाच्या दुकानात बसतात आता; सीट कव्हर, मोबाइल स्टँड, डॅशबोर्डवरचे मान हलवणारे कुत्रे. मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला एक वस्तू आणायला पाठवलं होतं. सीट बेल्ट लावला नाही की आमची कार टीं-टीं करते, आणि त्याला ते सहन होत नाही. तर बेल्टची नुसती जीभ मिळते. मागं बेल्ट नाही, फक्त चकचकीत जीभ. खाचेत खुपसली की 'टक' होतं आणि गाडी गप्प बसते.

रत्नमालाताईंनी न विचारताच काउंटरखालून एक काढली.

"दिवसाला पन्नास जातेत, मॅडम. हितं टार्गेट पुरं व्हतंय. पोरीची फीबी भरली."

"आणि ओढून बघायची सवय?"

"ओढायचं काय? त्याच्या मागं कायच नसतंय." त्यांनी ती कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "सुरुवातीला मी एकेकाला इचारायची, बेल्ट का लावत नाय तुम्ही? तं भाऊ म्हणला, गिऱ्हाईक तुटतंय. आता नाय इचारत."

मी घेतली. शिवाय, वाचकहो, ओळखीचं दुकान म्हणून तुमचीही चौकशी केली. तुम्ही नेलेली जीभ नीट बसते ना, तुमची काही तक्रार आली का, असं ताईंना विचारलं.

"छ्या! त्यांची काय तक्रार?" त्या म्हणाल्या. "परवा परत आलते की. मागच्या सीटसाठी अजून दोन नेल्या. मागं लेकरं बसतेत, लई आवाज व्हतो म्हणले."