जीपचं आवर्तन

माणूस आणि यंत्र यांचं नातं शेवटी श्रद्धेवर उभं असतं. आमच्या शेजारच्या भगवानरावांची जीप सुरू होईल, अशी श्रद्धा गल्लीत एकट्या भगवानरावांची होती.

बॉनेट उघडण्यापूर्वी ते चपला काढत. मग बॉनेटवर बोटाने हलकेच टकटक करत. आत कुणी कपडे बदलत असावं तशी. त्यानंतर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "बोला!" इंजिन बहुधा बंदच असे. हे पाहायला मी दर रविवारी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभा राही. बारामतीत तेव्हा केबल टीव्ही नुकता आला होता, पण मला त्याची गरज वाटली नाही.

भगवानराव कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली. ज्या जीपमधून येऊन साहेब त्यांना झापत असत, तीच ही, असं ते अभिमानाने सांगत. इंजिनाचं ऑइल गाडी किती धावली यावरून बदलायचं असतं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. ते कालव्याच्या आवर्तनावरून बदलत. तिकडे कालव्याला पाणी सुटलं, की इकडे जीपच्या चेंबरचा नट निघे आणि मधासारखं स्वच्छ ऑइल घमेल्यात पडे.

"अहो, हे तर नवंच दिसतंय," मी एकदा म्हणालो.

"मास्तर, शेतकरी बी म्हणतो, रानात वल हाय, आज पाणी नको. आपण ऐकायचं न्हाय. आवर्तन म्हंजे आवर्तन!"

इतकं ऑइल पिऊन जीप सर्वांत लांब गेली ती गावाजवळच्या कन्हेरीपर्यंत. येताना तिला बैलजोडी लावावी लागली. हे भगवानराव सांगत नसत; शेखभाई सांगत. कोपऱ्यावर त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. "रावसाहेब, तुमची जीप न्हाय चालली तरी चालंल," ते म्हणत, "तिच्यावर माझं दुकान चालतंय."

त्या वर्षी मात्र जीपला खरंखुरं काम मिळालं. भगवानरावांची एकुलती लेक सुमी, नरसिंहपूरला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दसऱ्याच्या सकाळी जीपने तिला आणायचं ठरलं. त्याच सुमारास कालव्याला पाणी सुटलं. साहजिकच आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, भगवानरावांनी चेंबरचा नट काढला.

ऑइल निथळत होतं तोवर त्यांच्या पत्नी मालनकाकूंनी आतून हाक मारली, "मुहूर्त चाललाय, हत्यारं आणा." भगवानरावांनी पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं देवापुढच्या पाटावर मांडलं. व्यवस्थितपणा अंगात असल्यामुळे नटही मांडला. हळद-कुंकू झालं, झेंडू वाहिला, शेखभाईंच्या हस्ते नारळ फुटला. प्रसाद वाटताना भगवानरावांनी सालाबादप्रमाणे गल्लीला बजावलं, "पूजलेलं हत्यार उद्या दसऱ्याबिगर हलवायचं न्हाय. ज्यानं हलवलं त्यानं माझ्या दारात यायचं न्हाय."

दुपारी शेखभाई धावत आले. गल्लीतला एकमेव फोन त्यांच्या दुकानात होता.

"रावसाहेब, जावयांचा फोन! सुमीचे पाय सुजलेत, रक्तदाब वाढलाय. डॉक्टर म्हणत्यात, आजच्या आज मोठ्या दवाखान्याजवळ हलवा. सासू एसटीत बसवाय तयार न्हाय, जावयाकडं नुसती फटफटी. माझा टेम्पो नेमका पुण्याला गेलाय."

"आवो, मग निघा की!" मालनकाकू म्हणाल्या.

"निघू कसा? ऑइल घमेल्यात हाय, नट देवापुढं हाय."

"मग घ्या नट."

"पूजा झाली, मालन."

"थांबा," म्हणून शेखभाई पळाले. दुकानात नवा नट होता, नवा पाना होता. पण ते हात हलवत परत आले. "आमच्या गड्यांनी समद्या दुकानाला हळद-कुंकू लावून ठिवलंय. डब्यातले वायसर सुदीक सोडले न्हाईत."

"मग भाई, तुमी उचला पाटावरचा पाना. तुमाला काय हाय त्याचं?"

"मला काय म्हंजी? नारळ मीच फोडलाय, वहिनी!"

सगळे भगवानरावांकडे बघत होते. ते उंबऱ्यावर बसले.

"सुमी झाली तवा मी निमगाव केतकीला व्हतो," ते हळूच म्हणाले. "कालव्यावर. सांगावा आला व्हता, मालन अडलीय म्हणून. पर आवर्तन चालू व्हतं. न्हाय गेलो. पोरगी बघितली ती बारशाला."

मालनकाकू पदराशी चाळा करत राहिल्या. याबद्दल त्यांनी नवऱ्याला कधी बोल लावला असावा असं वाटलं नाही.

भगवानराव उठले, पाटाला हात जोडले आणि पाना उचलला. नटावरचा झेंडू काढून शर्टाच्या खिशात ठेवला. मग जीपखाली घुसले. चपला पायातच होत्या.

"मास्तर, नरसाळं धरा! भाई, ऑइल!" पुढची काही मिनिटं नुसती धांदल होती. मी नरसाळं धरून होतो, शेखभाई आधीच आणून ठेवलेले ऑइलचे डबे फोडत होते, मालनकाकू मागच्या बाकावर गादी, उशी आणि पाण्याची कळशी चढवत होत्या. ना टकटक, ना "बोला". चावी फिरवली, जीप खोकली आणि गप्प झाली. मग गल्लीने धक्का दिला. धुण्याचा पिळा टाकून बाया आल्या, प्रसाद खाणारे आले. कालव्याच्या उतारावर तिने एक काळाकुट्ट हुंदका दिला आणि सुटली. आम्ही लग्नाच्या वरातीत ओरडतो तसे ओरडलो.

दिवेलागणीला ती परत आली. चढावर तिला सायकलवाले मागे टाकत होते. पुढच्या सीटवर, उशीला टेकून, सुमी बसली होती. भगवानरावांच्या दहाही बोटांना हळद आणि ऑइल सारखंच लागलेलं होतं. शेखभाईंच्या बायकोने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुमीवरून आणि मग, कुणी न सांगता, जीपवरूनही.

बाळ मात्र आपल्या सवडीने, बऱ्याच दिवसांनी आलं. भगवानराव पहाटेपासून दवाखान्याच्या बाकावर बसून होते. नर्सने नात पुढे केली, तेव्हा त्यांनी आधी चपला काढल्या.

सुमीला दवाखान्यात शेखभाईंच्या टेम्पोतून आणलं होतं. कालव्याला पुन्हा पाणी सुटलं होतं, आणि जीपचं ऑइल घमेल्यात होतं.