ज्या सुरावर साहेब उभे राहतात

लष्करात जायचं तर माणसाने बाजा वाजवावा, असं जानराव मामांचं ठाम म्हणणं होतं. बाकी सगळं झूठ. इंग्रजांच्या अमलातल्या मोठ्या लढाईच्या काळात ते स्वतः पलटणीच्या बँडात मोठा ढोल वाजवायचे आणि अंगावर साधा ओरखडाही न येता तिवशाला परत आले होते. त्यांची पलटण बोटीत बसायच्या आधीच लढाई संपली, हे मामा कुणाला सांगत नसत. त्यांना ते तितकंसं महत्त्वाचं वाटत नसे.

"मले सांग सुंदरा," मामा बहिणीला म्हणाले, "बाजेवाल्याच्या हातात बंदूक रायते का? नाई रायत. मंग त्याले कोन कायले मारन?"

सुंदराबाईंना हे पटलं आणि तिथेच त्यांच्या मुलाचं, देवरावचं, वाटोळं झालं.

साल त्रेसष्टचं. चीनची लढाई नुकतीच होऊन गेलेली, सरकारला घाईघाईने नवे अफसर हवे होते. देवराव अमरावतीच्या कॉलेजातून बी. ए. झालेला. मुलाखतीत पास झाला आणि लष्करी अकादमीचं बोलावणं आलं. वस्तीतला पहिला अफसर! बुद्धविहारात हारतुरे झाले, गायन पार्टीने रात्रभर गाणी म्हटली. आई मात्र चुलीकडे तोंड करून बसली. नवरा ऐन तरुणपणी गेला, तेव्हापासून जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडून तिने दोन पोरं वाढवली होती, थोरला देवराव आणि धाकटा श्रावण. त्यातला एक डोंगरात नेऊन गोळ्यांपुढे उभा करायचा, हे तिला कुणी कितीही समजावलं तरी उमगत नव्हतं. तिचं अन्नपाणी सुटलं. देवराव तिच्यापुढे ताट ठेवी आणि ती ते तसंच परत सारी.

मग मामांनी हा तोडगा काढला. अकादमीच्या कागदात सामानाबद्दल लिहिलं होतं की एक ट्रंक आणावी, एक वळकटी आणावी, खाण्याचे पदार्थ आणू नयेत, आणि ज्याला वाद्य येत असेल त्याने ते आणायला हरकत नाही. शेवटचं वाक्य ऐकून मामांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, पाहा, आधीच विचारून राहिले! बाजा घेऊन येईल त्याला बाजूला काढून ठेवतात, लढाईला बाकीचे जातात. देवरावने जीव तोडून सांगितलं की मामा, बँड वेगळा, अफसर वेगळे, मी अफसर होणार आहे. मामा म्हणाले, मग बँडाचा अफसर हो.

"पेटी नेशीन तं जा," आई म्हणाली. "नाई तं माह्या अंगावरून जा."

आता हार्मोनियमची पेटी मिळायला अडचण नव्हती. गायन पार्टीने नवी पेटी घेतली होती, जुनी तिने कौतुकाने देवरावला दिली. अडचण देवरावची होती. धाकटा श्रावण पार्टीत ढोलकी अशी वाजवायचा की बाया हातातलं काम टाकून दारात येत. देवरावला मात्र पार्टीने ऐकायला बसवलं होतं, आणि टाळ्या वाजवू नको म्हणून हात जोडून विनंती केली होती. त्याच्या टाळीने ढोलकी चुके. अशा माणसाला जाण्याच्या तारखेपर्यंत पेटी शिकवायची होती.

मामा म्हणाले, सगळं शिकायची गरजच नाही, एकच चाल शिक. पलटणीत ते एक चाल वाजवत असत, तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण ती वाजली की कितीही मोठा साहेब असो, हातातला घास टाकून ताडकन उभा राहायचा. एवढी साहेबलोकांना ती आवडायची! मामा ती चाल तोंडाने म्हणत आणि देवराव पट्ट्या शोधी. त्यातही चालीच्या दुसऱ्या अर्ध्यात मामांचा ढोल नसे, म्हणून तो अर्धा त्यांच्या लक्षातच नव्हता. पहिला अर्धाच पुन्हापुन्हा वाजव, असं ठरलं. देवरावने बोटं दुखेपर्यंत तो घोकला. शेजारच्या दुर्गाबाईंनी तोवर आपली म्हैस दुसऱ्या आवारात नेऊन बांधली.

इकडे आईने सामान बांधलं. खाण्याचे पदार्थ आणू नयेत हा हुकूम तिला माणुसकीला सोडून वाटला. सरकार तिखट कुठलं देईल पोराला, तेही आपल्याकडचं? तिने भिवापुरी मिरच्यांच्या तिखटाची चांगली मोठी पुडी बांधली. ट्रंकेत ठेवली तर सापडेल, म्हणून मामांनी पेटीची आतली फळी उचलून पट्ट्यांमागच्या मोकळ्या जागेत ती दाबून बसवली. पलटणीत असताना आपण ढोलात गूळ ठेवायचो, असंही सांगितलं. देवरावला मात्र यातलं काही सांगितलं नाही. तो पडला सरळ माणूस, कुणी विचारलं तर खरं बोलून मोकळा होईल.

देवराव बडनेऱ्याला गाडीत बसला. मनमाडला गाडी बदलताना गर्दीत एक जाडजूड शेटजी पेटीवर बसले आणि झोपी गेले. पेटीतून कण्हल्यासारखा एक सूर आला. आत पुडी फुटली होती, पण ते कुणाला कळणार.

अकादमीत पोचला, तर बाकीच्यांकडे गिटार, माउथ ऑर्गन, एकाकडे व्हायोलिन. सगळी हातात घेऊन मिरवता येणारी वाद्यं. देवराव ट्रंक हातात, वळकटी खांद्यावर आणि पेटी डोक्यावर घेऊन फाटकातून आत आला, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला सामान आणणारा हमाल समजून मागच्या दाराने जायला सांगितलं. देवराव गेलाही. पेटी त्याने खाटेखाली ढकलली आणि ठरवलं की आईचा शब्द राखला, आता हिला हात लावायचा नाही.

पण तिथे रीत होती, की ज्याने वाद्य आणलं त्याने शनिवारच्या जेवणाआधी ते साहेबांपुढे वाजवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. मेसमध्ये सगळे अफसर ओळीने बसलेले, मध्ये अकादमीचे प्रमुख ब्रिगेडियरसाहेब, शरबताचा पेला हातात घेऊन. गिटार झाली, व्हायोलिन झालं, साहेबांनी मान डोलावली. मग देवरावने पेटीचं झाकण काढलं, भाता ओढला आणि मामांची चाल सुरू केली.

मामा खोटं बोलले नव्हते. ब्रिगेडियरसाहेब ताडकन उभे राहिले.

त्यांची सारी शिकवण इंग्रजाच्या हाताखाली झालेली. ती चाल इंग्रजांच्या राजाची सलामी होती, आणि ती कानावर पडताच साहेबांचे गुडघे त्यांना न विचारता सरळ झाले. साहेब उठले म्हणून बाकीचे अफसर उठले, अफसर उठले म्हणून सगळे कॅडेट उठले. काय चाललंय ते साहेबांना कळलं, तोवर सारी मेस सावधान उभी होती. आता इतक्या लोकांपुढे एकदम खाली बसणं म्हणजे आपण कशासाठी उठलो होतो ते कबूल करणं. सलामी संपली की बसू, असा त्यांनी बिचाऱ्यांनी विचार केला असणार. पण सलामी संपेना. देवरावला तिचा शेवट येतच नव्हता. साहेबलोक अजून उभे आहेत, त्यांना चाल फार आवडली, असं पाहून त्याने पुन्हा पहिल्यापासून धरली आणि भाता जोराने हाणला.

तशी पेटीतून तिखट उडू लागलं.

आधी पुढच्या ओळीला ठसका लागला, मग मागच्या. सावधान उभ्या माणसाला डोळेही पुसता येत नाहीत. ब्रिगेडियरसाहेब छाती काढून उभे, आणि दोन्ही डोळ्यांतून धारा. स्वतंत्र भारताच्या लष्करी अकादमीचा प्रमुख इंग्रजांच्या राजासाठी ढसाढसा रडतोय, हे दृश्य साऱ्या मेसने पाहिलं. देवरावला मात्र ते दिसत नव्हतं, कारण त्याचेही डोळे तिखटाने मिटले होते. कुणीतरी येऊन पेटीवर हात ठेवला तेव्हा तो थांबला.

रात्रभर त्याला झोप नाही. घरी पाठवणार, यात शंकाच नव्हती. हार घालणाऱ्या वस्तीत कोणत्या तोंडाने जायचं? सकाळी त्याला ब्रिगेडियरसाहेबांपुढे उभं केलं. त्याने खरं ते सगळं सांगितलं, अगदी मामांच्या ढोलासकट. पेटीत तिखट आलं कुठून याचा उलगडा काही त्याला झाला नव्हता, पण वास ओळखीचा होता. साहेबांचे डोळे अजून लाल होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहतच शिक्षा सुनावली. दर रविवारी सुटी बंद. बँडाच्या हवालदाराकडे जाऊन आपल्या देशाचं राष्ट्रगीत शेवटापर्यंत शिकायचं.

देवराव सुटला. त्याच आनंदात त्याने घरी कळवलं की माय, काळजी करू नको, मला इथे बँडासोबत ठेवलं आहे. यात खोटं काहीच नव्हतं.

बँडाचे हवालदार पंजाबराव निघाले हिवरखेडचे. गावाकडची बोली ऐकून देवरावला भरून आलं. त्याने आपली सगळी कहाणी सांगितली, आईची भीती सांगितली, मामांचा तोडगा सांगितला. पंजाबराव ऐकत होते. मग ते कर्णा पुसत म्हणाले, "बापू, लढाई लागली का आमी बाजे ठेवून देतो अन् स्ट्रेचर उचलतो. जिथं गोळ्या चालून राहिल्या, तिथूनच जखमी आना लागते. बंदूक तं नसतेच हाती."

देवरावने हे घरी कळवलं नाही. आई जेवते आहे, झोपते आहे, जेवू दे. पोरगं बँडात आहे असं तिला वाटतंय, वाटू दे. यात कुणाचं काय बिघडणार होतं?

पावसाळा सरल्यावर भेटीच्या रविवारी आई आणि मामा आले. आई चांगली भरलेली दिसत होती, नवं लुगडं नेसली होती. देवराव तेव्हा नेमका पंजाबरावांकडेच बसला होता. कर्णे पाहून आईचा जीव थंडावला. मामा तर प्रत्येक ढोलावर टिचकी मारून आले.

"भाऊ," आई पंजाबरावांना म्हणाली, "माह्या देवाले तुमी सांभाळलं. तुमच्या भरोशावरच मी धाकट्यालेबी धाडलं. अकोल्याले भरती होती, श्रावणनं ढोलकी वाजवून दाखवली, लगेच बँडात घेतलं. आता दोन्ही लेकरं सुखरूप जागी लागले, मले घोर नाई."

मामा देवरावच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की तुझ्यामुळे झालं रे हे सगळं. पंजाबरावांनी एकदा देवरावकडे पाहिलं, मग हातातला कर्णा खाली ठेवला आणि धाकट्याची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं.

"मजबूत हाय," आई अभिमानाने म्हणाली. "खांदे हे एवढे. भरला मानूस पाठीवर घेऊन कोसभर चालते."

"तसाच पाह्यजे, बाई," पंजाबराव म्हणाले, आणि चहा सांगायला उठून गेले.