मातुश्रींनी मोठ्या देवळाचे गावी प्रस्थान ठेविले त्याची हकिकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो. तिचे कृपेने तवा तापतो, भाकरी फुगते आणि आगगाडी, मनास आले तर, वेळेवर येते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष शुद्ध अष्टमी, रविवार, विलायत मुलखी थंडीचा अंमल ऐसा की सूर्यनारायण दुपारचे चार न वाजता दप्तर आवरून घरी जात, ऐसे समयी एका चिमुकल्या राज्याचे मुदपाकखान्यात, कपडे वाळवावयाचे स्टँडाआड, "एका दिवसाला जायचं तर माणशी तीन जोड मोजे! देऊळ बघायला चाललोय की बर्फात तंबू ठोकायला?" ऐसी कुरकुर उठली. कुरकुर राज्याच्या कारभारीण विभावरीबाई यांची. ऐकणारे कोणी नव्हते, म्हणोन मनमोकळी केली.

राज्य म्हणावे तर वर दोन खोल्या, खाली एक, मागे हातरुमालाएवढी हिरवळ, आणि डावे अंगास भिंतीला भिंत लावून डोरोथीबाई नामे सत्तर वर्षांची इंग्रज शेजारीण, तिचे संस्थान वेगळे. राज्याचे धनी राजश्री शिरीषराव, कचेरीत संगणकाची चाकरी करीत आणि घरी हवामानाची. कन्या एक, ती विद्येनिमित्त दूरचे सुभ्यात. आणि दसऱ्याचे मुहूर्तावर कृष्णाकाठच्या वाईहून शिरीषरावांच्या मातुश्री प्रमिलाबाई विमानमार्गे दाखल जाहल्या होत्या. त्यांचे यजमान अप्पा वैशाखात निवर्तले, आणि "आई एकटी कशी राहणार" म्हणोन शिरीषराव स्वतः जाऊन त्यांस घेऊन आले. परतीचे तिकीट संक्रांतीनंतर सहावे दिवसाचे, म्हणजे विसावे तारखेचे. ते तिकीट राज्यात तिघांस ठाऊक होते आणि त्याचे नाव कोणी घेत नव्हते. तिन्हीसांजेस सापास जनावर म्हणावे, तैसे त्यास सर्व "पुढचं पुढं" म्हणत.

स्वारीचे कारण ऐसे. तेथून आगगाडीने दीड तासावर एक गाव, त्या गावी इंग्रजांचे मोठे देऊळ, आठशे वर्षांमागे बांधिले, त्याचा मनोरा कोसा-कोसावरून दिसे. डोरोथीबाईंनी एकदा चहास बोलाविले आणि बोलता बोलता सांगितले की तेथे कोणीही जावे, गेलेल्या माणसाचे नावे मेणबत्ती लावावी, धर्म कोणता म्हणोन कोणी पुसत नाही. विभावरीबाईंनी दुभाष्याचे काम करोन ते मराठीत सांगितले. तेव्हा मातुश्रींचा बशी तोंडाशी नेणारा हात थांबला आणि त्या बोलत्या झाल्या, "जाण्याआधी तेवढं करून टाकू. अप्पांना हिंडायची हौस केवढी, नि गेलो कुठं? महाबळेश्वर. तेही बसनं." आणि लगोलग, "तुम्हाला जमत असेल तर हो. माझं काय, तुम्ही म्हणाल तसं." या शेवटल्या वाक्याने मोठमोठी राज्ये घोटाळ्यात पडली आहेत. शिरीषरावांनी मात्र 'जाण्याआधी' एवढेच ऐकले, आणि चहात बुडविलेले बिस्किट काढावयाचे विसरले. बिस्किट गेले.

मग स्वारी ठरली आणि मोडली, पुनः ठरली आणि पुनः मोडली. प्रथम पाऊस पडेल म्हणोन. दुसरे वेळी रूळ दुरुस्तीस काढले, मध्येच बसने जावे लागेल म्हणोन. तिसरे वेळी शिरीषरावांस खोकला आला, मोजून दोनदा. विभावरीबाई मनी म्हणाल्या की पाऊस खरा, रूळही खरे, परंतु खोकला दुपारी बिर्याणी समोर येताच कोठे गेला? आणि त्यांस आणखीही एक ठाऊक होते. शिरीषरावांचे संगणकावर विमानाचे तिकीट बदलावयाचे पान उघडे त्यांनी पाहिले होते, तारीख मार्चअखेरची भरलेली, शेवटली कळ तेवढी दाबावयाची राहिली. मातुश्रींस विचारिले नव्हते. आणि मातुश्री तर रोज दुपारी खिडकीशी उभ्या राहून "आत्ता तिकडं नळ आला असेल" म्हणत, आणि वाईच्या शेजारणीस फोन करोन तुळशीस पाणी घातले की नाही याची चौकशी अशी करीत, जैसे तुळस नव्हे, लेकरू ठेवून आल्या. मग बोलावे कोणी? शिरीषराव बोलते ना, कारण बाप गेला तेव्हा पोहोचता आले नव्हते आणि आता आई एकटी सोडणे त्यांस सोसेना. मातुश्री बोलत्या ना, कारण लेकाचे मन मोडेल. आणि विभावरीबाईंनी बोलावे तर 'सुनेने सासूला वाटेला लावली' ऐसा डंका वाईच्या घाटापासून साताऱ्यापर्यंत वाजेल. आणि खरे लिहावयाचे तर सकाळचा दुसरा चहा मातुश्रींसवे घेण्याची बाईंस सवय लागली होती, आणि त्या जाव्यात ऐसे त्यांसही वाटत नव्हते. म्हणोन तीन माणसे एका तोंडाने मोज्यांविषयी बोलत.

शेवटी कारभारणीने हुकूम केला, "येत्या शनिवारी जायचं. आठ बावन्नची गाडी. नाही तर मी एकटी आईंना घेऊन जाते." मग मसलत बसली. शिरीषरावांनी कागदावर नकाशा काढिला आणि म्हणाले, "मध्ये गाडी बदलायची, सात मिनिटं हातात. सात मिनिटांत आईचा गुडघा जिना चढणार?"

"लिफ्ट आहे."

"बंद असली तर?"

"तर पुढची गाडी. अर्ध्या तासानं असते."

"अर्धा तास त्या थंडीत?"

"मग मोजे कशाला घेतलेत तीन-तीन जोड? कानात घालायला?"

मातुश्रींनी पुसले, "डब्यात बाथरूमची सोय असते ना रे? बस्स. मग मी दिल्लीपर्यंत येते." आणि अन्नखाते आपणाकडे घेतले. दशम्या वीस, तिळाची चटणी, भाजलेले शेंगदाणे. विभावरीबाई म्हणाल्या, "आई, तिथं खायला मिळतं हो." "मिळतं ना. गार पाव. त्यात काकडी घालतात नि त्याला जेवण म्हणतात. आपल्याकडं त्याला उपास म्हणतात." दशम्या कायम जाहल्या.

मग मातुश्रींनी पंचांग उघडिले. आधीच पौष, त्यात शनिवार, आणि गाव पूर्वेस; शनिवारी पूर्वेस दिशाशूळ, त्या दिशेस निघू नये. शिरीषरावांचे मुखावर आनंद दिसू लागला. परंतु मातुश्री म्हणाल्या, "त्यात काय एवढं? गुरुवारी सकाळी वेळ उत्तम आहे. प्रस्थान ठेवू." प्रस्थान म्हणजे, मुहूर्त साधावा म्हणोन माणसाने स्वतः न निघता आपले गाठोडे शेजारघरी नेऊन ठेवावे. गाठोडे निघाले की माणूस निघाले ऐसे देव धरितो, आणि मग खरे निघावयाचे वेळी गाठोडे उचलोन बरोबर न्यावे. गुरुवारी मातुश्रींनी पाठमोरे बसून गाठोडे बांधिले. हिरवा रेशमी खण, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि प्रवासात संगे न्यावयाची एखादी वस्तू असावी लागते ती. विभावरीबाई ते घेऊन डोरोथीबाईंचे दारी गेल्या. तो दिवस इंग्रजी नववर्षाचा. "हे काय आहे ते सांगते," म्हणोन बाईंनी आरंभ केला, इतक्यात आपले घरी तव्यावर दशमी करपली आणि धुराची घंटा किंचाळू लागली, आणि बाई गाठोडे डोरोथीबाईंचे हाती देऊन तैशाच धावल्या. नववर्षाची सकाळ, रेशमी वस्त्र, शेजारणीने हाती आणून दिले. याचा अर्थ इंग्रज माणूस काय करील?

शुक्रवारी दुपारी तीनचे सुमारास तिघेजण टेबलाशी बसले असता डोरोथीबाई आल्या. हाती खण, धुऊन इस्त्री करोन घडी घातलेला. आल्या तशा आभार मानू लागल्या आणि विभावरीबाई मराठी करोन सांगू लागल्या. ऐसी सुंदर भेट आजवर कोणी दिली नव्हती. तांदूळ मूठभरच, तेव्हा पाखरांसाठी असावेत ऐसे जाणोन हिरवळीवर टाकिले, पाखरे फार आली. पिवळी मुळी कुंडीत लाविली, अद्याप कोंब नाही. आणि जायफळ? जायफळ कस्टर्डावर किसावयास घेतले, परंतु तीन वेळा घासताच किसणीचे दात गेले, मग हातोडी आणिली. चव थोडी लाकडाची आली. परंतु प्रेमाने दिलेले, म्हणोन सर्व खाल्ले.

"सुपारी!" विभावरीबाई कपाळास हात लावून म्हणाल्या. मातुश्री हसू लागल्या त्या ऐशा की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं विभा, तिला सांग, आमच्यात ती जेवणानंतर खातात, जेवणावर नाही. आणि दातांचं कसं आहे विचार." शिरीषराव हसले, डोरोथीबाईही हसल्या, कशास ते न कळता. आणि हसत हसत त्यांनी कोटाचे खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेविली नि म्हणाल्या, "ही मात्र भेट नसावी. चुकून आली का? कुठल्या दाराची?"

लांब पितळी किल्ली, लाल दोरा ओविलेला. वाईच्या घराची.

प्रश्न मराठीत कोणी केला नाही आणि उत्तर इंग्रजीत कोणी दिले नाही. विभावरीबाई किल्लीकडे पाहात राहिल्या. बरोबर न्यावयाची वस्तू गाठोड्यात घालावी. एका दिवसाचे देवदर्शनास वाईच्या घराची किल्ली कोण बरोबर नेतो? दिशाशूळ पूर्वेचे होते, आणि वाईही तेथून पूर्वेसच.

"आई, चुकून गेली वाटतं," शिरीषराव म्हणाले.

"हो रे, चुकूनच. पदराला असते, गेली असेल."

किल्ली तीन महिने पदरास नव्हती, उशीखाली होती. अंथरूण झटकणारीस ते ठाऊक होते. डोरोथीबाईंस भाषा कळली नाही तरी वारा कळला, आणि त्या "मी पाणी ठेवते" म्हणोन परक्याचे घरात आपणच चहाची किटली भरू लागल्या. मग तिघांनी थर्मासाचा विषय काढिला. मोठा न्यावा की लहान, मोठ्याचे झाकण गळते, लहानात चहा तिघांस पुरत नाही, मग दोन लहान न्यावे, परंतु दुसरा लहान कोठे आहे, आणि ऐसे पाव घटका चालले. मग शिरीषरावांनी फोन काढिला आणि म्हणाले, "उद्या बर्फाचा इशारा आहे."

"भुरभुर आहे शिरीष, दुपारनंतर. मी बघितलंय."

"तरी पण. मी काय म्हणतो, मार्चअखेरीस जाऊ ना निवांत. दिवस मोठा होतो, ती पिवळी फुलं येतात सगळीकडं, आईलाही बरं पडेल. घाई काय आहे?"

मातुश्रींनी दशम्यांचा डबा पुढ्यात ओढिला, झाकण काढून पुनः बसविले, आणि म्हणाल्या, "चालेल की. मेणबत्ती काय, मार्चातही लागेल. माझं काय, तुम्ही म्हणाल तसं." आवाज नेहमीचाच होता. परंतु हात झाकणावरच राहिला, तो विभावरीबाईंनी पाहिला. मग वाईचा घाट, साताऱ्याची नातलग मंडळी, डंका आणि डंका वाजविणारे, सर्व एकदम फार लांब गेले, आणि बाई बोलल्या.

"शिरीष, मार्चात आई इथं नसणार. त्यांना घरी जायचंय."

शिरीषरावांनी फोन पालथा ठेविला.

"तुला माहितेय, मलाही माहितेय. त्यांनी नुसतं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं, आणि आपण आपल्याला हवं ते म्हणत राहायचं. मला नकोयत त्या जायला, देवाशपथ. पण जायचंय त्यांना."

शिरीषरावांनी नकाशाचे कागदाची घडी घातली. मग लहान होऊन म्हणाले, "तिथं एकटी पडशील गं तू."

"एकटी कशी?" मातुश्री म्हणाल्या. "तिथं भाजीवाल्यालासुद्धा माहितेय अप्पा गेले म्हणून. मी जास्त मेथी घेतली तर म्हणतो, काकू, आता एवढी कशाला? इथं तुम्ही दोघं कामाला गेलात की मी कुणाला सांगू ते गेले म्हणून? मला घरी जायचंय, शिरीष." आणि पदराने नाक पुसून, "आता सांग, उद्या किती वाजता उठायचं?"

येणेप्रमाणे मसलत सिद्धीस गेली. शनिवारची आठ बावन्नची स्वारी कायम, विसावे तारखेचे तिकीट कायम, आणि शिरीषरावांनी रजा काढून मातुश्रींस घरापावेतो पोहोचवावे ऐसे ठरले. सुनेने सासूस वाटेला लाविली ऐसा बोभाटा होईल त्यास मी समर्थ आहे, ऐसे मातुश्रींनी स्वमुखे सांगितले. घडले ते इतकेच. जाणत्यांनी जाणावे, आणि घरी जावयाचे कोणास असेल तर पुसून पाहावे.